निवांत बसणे : ४.१० ते ४.३५

आमच्या ग्रुपचे किस्से मी जमवत नाही हं! पण आठ मराठी माणसं एकत्र कुठेही गेली की किस्से आपोआप साठतात, फ्रीजमध्ये उरल्यासुरल्याच्या वाट्या साठतात तसे. स्पेनच्या ट्रिपला आता वर्ष होत आलं, तरी विषय निघाला की माझं डोकं तापतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. फक्त मध्ये बोलू नका, नाहीतर मी आणखी चिडेन.

*

मुळात ही ट्रिप आमची दोघांची होती. माझा नवरा श्रीकांत एकतीस वर्षं जहाजावर होता, चीफ इंजिनियर म्हणून रिटायर झाला. त्याचं जहाज तीन वेळा दुरुस्तीसाठी स्पेनमधल्या कादिझला लागलं होतं, आणि तिन्ही वेळा हा इंजिन रूममध्ये. शहर बघितलं ते डेकवरून, हातातला चहा संपेपर्यंत. पांढरी घरं, चर्चचा पिवळा घुमट, आणि समुद्राकडे तोंड करून बाकांवर उन्हात बसलेली माणसं. "काहीही करत नव्हती गं ती," हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मलाच तिथे जाऊन आल्यासारखं वाटायचं. सिंगापूरच्या सेम्बावांग भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी त्याला विचारलं, रिटायरमेंटनंतर तुला काय हवंय? म्हणाला, "तिथे जाऊन बसायचंय." बस्स. एवढंच मागणं!

मग मी गाढवपणा केला. इथेच क्वीन्सटाउन भागात मिलिंदकडे जेवायला गेलो होतो, तिथे मी हे बोलून गेले. मिलिंद पुण्याचा, आयटीत प्रोजेक्ट मॅनेजर, आमच्याहून वीसेक वर्षांनी लहान. आम्हाला काका-काकू म्हणतो, मुलगा वाईट नाही. पण त्याचे डोळे चमकले. याला स्लो ट्रॅव्हल म्हणतात, हल्ली जगभर हेच चाललंय, असं त्याने आम्हालाच समजावलं, आणि ताक संपायच्या आत व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा काढला. नाव ठेवलं 'स्लो कादिझ'. सहा माणसं वाढली. कुणी बोलावलं होतं यांना? पण श्रीकांत पडला भिडस्त, आणि ताटावर बसून नको कसं म्हणायचं म्हणून मीही गप्प बसले.

*

पुढच्या महिन्यात मिलिंदच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये मीटिंग झाली. स्लो ट्रॅव्हलची! प्रोजेक्टर लावून! त्याने दहा दिवसांची एक्सेल शीट केली होती, दर पाच मिनिटांचा हिशोब, जेवण निळं, चर्च पिवळं, चालणं नारिंगी. मी चष्मा लावून शोधत होते की आमचं बसणं कुठाय. सापडलं. चौथा दिवस, हिरवा चौकोन : 'निवांत बसणे, ४.१० ते ४.३५'.

शेवटी काही शंका आहेत का म्हणून विचारलं, तेव्हा श्रीकांतने शाळेतल्यासारखा हात वर केला. बाकावर बसण्याची वेळ थोडी वाढवता येईल का, असं विचारलं बिचाऱ्याने.

"बफरमध्ये बघू, काका," मिलिंद म्हणाला. बफर म्हणजे शेवटाकडे मोकळा ठेवलेला नववा दिवस.

ज्या माणसाच्या एका शब्दावर अख्ख्या जहाजाचं इंजिन थांबायचं, त्याला बफरमध्ये बघू! मी मिलिंदच्या बायकोने, केतकीने, केलेली साबुदाणा खिचडी न खाता घरी आले. छान झाली होती म्हणे.

*

कादिझला पोचलो, आणि दुसऱ्याच दिवशी दोन वाजता शहराने दारं लावून घेतली. दुकानं बंद, म्युझियम बंद, रस्त्यावर ऊन आणि आम्ही आठ. शीटमध्ये त्या वेळी शॉपिंग होतं. मिलिंद एकेका शटरवरची पाटी मोबाइलने भाषांतर करून वाचत होता आणि संतापत होता. भर दुपारी पाचपर्यंत बंद? गिऱ्हाईक दारात उभं असताना? ही काय धंदा करायची पद्धत झाली?

मी म्हटलं, मिलिंद, तू पुण्यातच वाढलास ना रे?

तो म्हणाला, "काकू, पुण्यात एक ते चारच असतं."

*

त्याच संध्याकाळी चौकातल्या एका कॅफेत बसलो. वेटर चांगला साठीचा, पांढरा शर्ट, ताठ चालणारा. कॉफी संपल्यावर आम्ही काय केलं? उठलो, कप-बशा गोळा केल्या, फडक्याने टेबल पुसलं आणि आठही जण रांगेने सगळं आत घेऊन गेलो! सिंगापूरची सवय हो. इथे ट्रे परत नेऊन ठेवला नाही तर दंड होतो, त्यामुळे हात आपोआप चालतात.

वेटरचा चेहरा पडला. त्याला वाटलं, त्याच्या कामात काहीतरी कमी पडलं म्हणून ही माणसं रागावून स्वतःच आवरायला लागली. त्याने केतकीच्या हातातून बशा काढून घेतल्या, सगळ्यांना परत खुर्च्यांवर बसवलं आणि न मागता ऑलिव्हच्या दोन वाट्या आणून ठेवल्या. आता उठणार कसं? पाऊण तास गेला. श्रीकांत एकेक ऑलिव्ह चावत पाय पसरून बसला होता. त्याला इतकं खुशीत मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

मिलिंद मात्र घड्याळ बघत होता. दुसऱ्या दिवसापासून त्याने कॅफे बदलला. तिथे सेल्फ सर्व्हिस होती.

*

आता चौथा दिवस. ४.१० ला आम्ही बरोब्बर समुद्राकाठी हजर. बंदराच्या बाजूला एका मोठ्या झाडाखाली बाक होता, श्रीकांतने डेकवरून बघितलेल्यांपैकीच एक. त्यावर दोन आज्या बसल्या होत्या. पिशव्या शेजारी, गप्पा रंगात. उठायचं काही चिन्ह नव्हतं, आणि का उठाव्यात त्यांनी?

मिलिंद त्यांना विनंती करायला निघाला होता. मी त्याचा दंड धरला. तर तो म्हणतो कसा, अहो काकू, पण आपला स्लॉट आहे ना!

श्रीकांत बाजूला उभा राहिला. पंचवीस मिनिटं. लांबूनच बंदराकडे बघत. बाकीच्यांनी तेवढ्यात पन्नास फोटो काढले. ४.३५ ला मिलिंद त्याच्याजवळ आला, झालं ना काका, म्हणाला, आणि मोबाइलवरच्या शीटमध्ये त्या हिरव्या चौकोनावर बरोबरची खूण केली. मी बघितली ती खूण, या डोळ्यांनी! श्रीकांत म्हणाला, जाऊ दे गं, नवव्या दिवशी काही ठेवलेलं नाही, तेव्हा बसू. त्यानंतर रोज रात्री झोपताना तो मला नववा दिवस कधी ते सांगायचा. जसं काही मला मोजता येत नाही.

*

आठव्या दिवशी जेवताना मिलिंदने जाहीर केलं की उद्याचा बफर रिकामाच आहे, तर आपण ट्रेनने सेव्हिलला जाऊन येऊ. राजवाडा, मोठं चर्च, रात्रीपर्यंत परत. सगळे खूश.

श्रीकांत पहिल्यांदाच ठामपणे बोलला. "तुम्ही जाऊन या. मी उद्या इथेच बसतो."

सगळे एकदम बोलायला लागले. एकट्याला कसं सोडायचं, ग्रुप म्हणजे ग्रुप, परत येणं होणार आहे का, सेव्हिल नाही बघितलं तर स्पेनला येऊन काय केलं. मिलिंदने काय करावं? मतदान घेतलं! हात वर करून! आपल्या लोकांना मंडळ काढल्याशिवाय आणि मत घेतल्याशिवाय चैन पडत नाही.

सहा हात वर झाले. मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

आता ऐका, खोटं बोलत नाही. आठ दिवस मी मिलिंदच्या नावाने बोटं मोडत होते. पण मला सेव्हिल बघायचं होतं. त्या राजवाड्याच्या फरश्यांचे फोटो मी कधीपासून जपून ठेवले होते. मी हात वर केला.

श्रीकांतने एकदा माझ्याकडे बघितलं. "बरं," म्हणाला आणि रुमाल घडी करून ताटाशेजारी ठेवला.

*

सकाळी आठची ट्रेन होती. श्रीकांत सगळ्यांच्या आधी तयार. डब्यात चढून त्याने सगळ्यांच्या पिशव्या वर ठेवल्या, मला खिडकीची जागा दिली, माझं जॅकेट हुकला अडकवलं. मग पाण्याची बाटली आणतो म्हणाला आणि उतरला. दारं बंद झाली. मी खिडकीतून बघते तर हा प्लॅटफॉर्मवर उभा, हातात बाटली नाही, काही नाही. त्याने हात केला. एकतीस वर्षं एअरपोर्टवर मी हात करायचे आणि तो निघून जायचा. त्या दिवशी मी निघाले होते, आणि मला उलटा हात करायचंही सुचलं नाही.

डब्यात गोंधळ. मिलिंद म्हणाला, काकांना फोन करू, पुढच्या ट्रेनमध्ये बसवू, राजवाड्याची वेळ पुढे ढकलू. मी उभी राहिले. हुकावरचं जॅकेट काढून घेतलं.

"मिलिंद, त्या शीटमधून आमची दोघांची नावं खोड," म्हटलं, आणि पुढचं स्टेशन आलं तिथे उतरले.

परतीच्या ट्रेनला पाऊण तास होता. त्या स्टेशनवर चिटपाखरू नव्हतं. मी तिथे फेऱ्या मारत होते आणि राग कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. मिलिंदवर काढून झाला होता. श्रीकांतवर निघेना. उरलं कोण?

कादिझला उतरले आणि बंदराच्या बाजूने तरातरा चालत सुटले. ऊन छान पडलं होतं, कसलीशी सुट्टी होती, अख्खं गाव समुद्राकाठी आलेलं. एकूण एक बाक भरलेला, माणसं कठड्यावर बसली होती. झाडाखालच्या त्या बाकाच्या एका टोकाला श्रीकांत बसला होता, बंदराकडे बघत, पाय पसरून. दुसऱ्या टोकाला एक आजोबा पेपर वाचत होते. मधली जागा एवढ्या गर्दीतही कुणी घेतली नव्हती. जवळ गेले तेव्हा दिसलं. आपण इथे सिंगापुरात हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, टेबल धरायला ठेवतो ना, तसं तिथे टिश्यूचं एक पाकीट ठेवलेलं होतं.