भाऊजींची गाडी, धाकटीचे कान

आमच्या गल्लीत माझ्या धाकट्या दिरांना सगळे 'जपानी' म्हणतात. दिसायला ते जपानी मुळीच नाहीत. ताडमाड उंची, झुपकेदार मिशा, आणि एकदा बोलायला लागले की समोरच्याने पाणी मागायची सोय नाही. हे नाव पडलं ते गाडीवरून.

भाऊजींनी उभा जन्म पत्र्याच्या कारखान्यात काढला. पत्रा दाबून त्याचे आकार काढणारी अवजड प्रेस मशिनं तिथे दिवसभर धडाधड आपटत असतात. आता ते त्या विभागाचे फोरमन आहेत. गाडी घेतली ती चाळिशी उलटल्यावर, केस पिकायला लागल्यावर. जपानमध्ये कुणीतरी आधी वापरलेली, बोटीने आलेली, पांढरी, दोन दारांची. ती बंदरावरून घरी आली तेव्हा मुलं अजून घरातच होती. आमचे हे फाटकात उभे राहून म्हणाले, "एवढ्या खटल्याला दोन दारांची गाडी?" भाऊजी म्हणाले, "दादा, तुम्ही बसणार कधी, उतरणार कधी? दोन दारं पुष्कळ झाली."

त्या गाडीत बसलं की एक बाई जपानीत काहीतरी बोलते. किल्ली फिरवली की मंजुळ आवाजात एक वाक्य, मग गप्प. आमच्या धाकटीला, म्हणजे माझ्या जाऊबाईला, पहिल्या दिवसापासून वाटायचं की ती बाई नमस्कार करते आहे. ती तिला रोज म्हणायची, "हो बाई, बसलो, निघू या." पुढे कळलं की टोलनाक्याचं कार्ड आत घातलेलं नाही, अशी ती बाई तक्रार करत असते. धाकटी म्हणाली, "म्हणजे घरातलीच झाली. आल्या दिवसापासून तक्रार." गाडीला ती सवत म्हणते, आणि भाऊजी हसून सोडून देतात.

गाडी राहते घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. माझ्या प्रार्थनेच्या खोलीची खिडकी नेमकी त्या शेडवर उघडते. सुट्टीच्या दिवशी मी डोळे मिटून बसले की खालून पान्यांचा खणखणाट सुरू होतो. आधी राग यायचा. मग एकदा खिडकीतून पाहिलं, तर भाऊजी जमिनीवर उताणे पडून एकेक नट पुसून जुन्या बशीत ठेवत होते. कुठला नट कुठला ते चुकू नये म्हणून प्रत्येक बशी वेगळी. इतक्या एकाग्रतेने मी तरी देवापुढे बसते का, असं मनात आलं आणि राग गेला. बशा मात्र माझ्या होत्या.

जपानहून आली तशी ती गाडी राहिलेली नाही. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा एक पंखा असतो, त्याला टर्बो म्हणतात. तो त्यांनी बदलला. हवा थंड करणारी जाळी मोठी बसवली. सायलेन्सर, स्प्रिंगा, ब्रेक, सगळं हळूहळू बदललं, आणि तेही स्वतःच्या हाताने. दुसऱ्याचा हात गाडीला लागू द्यायचा नाही हा त्यांचा नेम. ते म्हणायचे, गाडी बोलते, फक्त ऐकणारा हवा.

आणि ऐकणारे ते एकटेच, असंही त्यांनीच ठरवलेलं. आम्ही कुणी गाडीच्या आवाजाबद्दल अवाक्षर काढायची सोय नव्हती. एकदा ते किल्ली काढून घरात आले तरी इंजिन चालूच होतं. हे घाईघाईने सांगायला गेले, "अरे, गाडी बंद करायची विसरलास." त्यावर तापलेला टर्बो हळूहळू निवावा म्हणून इंजिन आणखी थोडा वेळ आपोआप चालत राहतं, याचं व्याख्यान ह्यांना जेवण निवेपर्यंत ऐकावं लागलं. दुसऱ्या वेळी धाकटीने विचारलं, पाय उचलला की ते फुस्स काय होतं? त्याचंही व्याख्यान झालं. फॅन, पंप, टिकटिक, प्रत्येकाला कारण होतं आणि प्रत्येक कारण लांब होतं. हळूहळू घर शहाणं झालं. गाडी खोकली, शिंकली, शिट्टी मारली, तरी सगळ्यांचा कानाडोळा.

यंदा गाडीवाल्यांचा मेळावा होता. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर आपापल्या गाड्या पळवून बघायच्या. त्यासाठी भाऊजींनी टर्बोच्या हवेचा दाब वाढवला. लॅपटॉप गाडीला जोडून काय काय आकडे बदलले, आणि स्वारी खुशीत होती.

त्या सुमारास मी आणि धाकटी त्यांच्याबरोबर दवाखान्यात निघालो होतो, माझ्या गुडघ्यासाठी. उड्डाणपुलाचा चढ लागला, भाऊजींनी पाय दाबला, आणि पुढून आवाज यायला लागला. पत्र्याच्या डब्यात मूठभर खडे घालून हलवावेत तसा. चढ संपला, आवाज संपला. मी मागून धाकटीच्या खांद्याला बोट लावलं. तिने मान वळवून हळूच सांगितलं, "असेल काहीतरी नवीन बसवलेलं. विचारलंत तर दवाखान्याची वेळ निघून जाईल." मला पटलं. परतताना पुन्हा तोच चढ, तेच खडे. त्यानंतर धाकटीने तो आवाज कितीदा तरी ऐकला, आणि तिला त्याची सवयसुद्धा झाली.

मेळाव्याच्या आधीच्या सुट्टीला सुट्या भागांचा दुकानदार घरी आला. भाऊजींची आणि त्याची जुनी दोस्ती. सगळा जपानी माल त्याच्याच दुकानातून येतो. गाडी कशी झाली ते दाखवायला भाऊजी त्याला फिरवायला घेऊन गेले आणि जेमतेम गल्लीचं टोक गाठून माघारी आले. दुकानदार तोंड पाडून उतरला. भाऊजी काहीच बोलत नव्हते. त्यावरूनच आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय.

झालं होतं असं, की जरा वेग घेताच दुकानदार ओरडला होता, पाय काढा, इंजिन माराल. भाऊजींनी विचारलं, का? तो म्हणाला, अहो, खडखडतंय की. भाऊजींनी पुन्हा पाय दाबून कान दिला आणि विचारलं, "कुठे?" मग दुकानदाराने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हे सगळं त्याने जाताना मला फाटकाशी सांगितलं. हवेचा दाब वाढवला आणि पेट्रोल तिकडच्यासारखं दमदार नसलं, की ते सिलिंडरात वेळेआधी आपलं आपणच पेटतं, तो खडखडाट त्याचा. असंच चालवत राहिलं तर पिस्टनच्या ठिकऱ्या होतात. आणि त्या इंजिनाला बदली मिळणं आता दुरापास्त.

त्या दुपारी भाऊजींनी सहाही स्पार्क प्लग काढून आणले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले. दोन प्लगांच्या पांढऱ्या भागावर मोहरीहून बारीक, चकाकणारे ठिपके होते. पिस्टनचं वितळलेलं अॅल्युमिनियम. आतला दाब मोजला होता, तो ठीक होता. थोडक्यात निभावलं होतं.

"हा आवाज घरात कुणी ऐकला होता?" त्यांनी विचारलं.

हे वर्तमानपत्राची कड दुमडायला लागले. मी होकाराची मान हलवली. धाकटी म्हणाली, "मी रोज ऐकत होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत कधी?"

ते प्लग गोळा करून शेडमध्ये गेले आणि गाडीवर कापड घातलं.

कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला धाकटीला फार बोलावं लागलं नाही. तपासणीत निघालं ते आम्हाला नवीन होतं, पण मला वाटतं त्यांना नव्हतं. बारीक, उंच पट्टीचे आवाज दोन्ही कानांतून गेलेले होते. प्रेस मशिनच्या धडधडाटाचं हे देणं. बोलण्यापुरतं यंत्र लावता येईल, असं डॉक्टर म्हणाले. मग मला कितीतरी गोष्टी उमगल्या. दारावरची घंटा नेहमी आम्हीच का ऐकायचो, नातीचं फोनवरचं बोलणं ते धाकटीला पुन्हा का विचारायचे. आम्ही त्याला त्यांचं गाडीवेड समजत होतो.

मेळावा गेला. कापड तसंच राहिलं. भाऊजी कामावरून येऊन बातम्या बघत बसू लागले. माझी प्रार्थना अगदी शांततेत होऊ लागली आणि सांगायला नको, लक्ष लागेनासं झालं. मी देवाजवळ त्यांच्यासाठी काय मागावं हेही मला कळेना. कान परत दे म्हणावं, तर वय झालेलं.

एक दिवस जेवताना त्यांनी सांगून टाकलं की गाडी विकायची, दुकानदाराने गिऱ्हाईक पाहिलं आहे. हे म्हणाले, दुसऱ्याकडून दुरुस्त करून घे, विकायची कशाला? भाऊजी म्हणाले, "दादा, तिला काय होतंय ते मला कळत नसेल तर ती माझी कशाला म्हणायची? ज्याला ऐकू येतं त्याच्याकडे जाऊ दे."

धाकटी भाकरी मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मला येतं."

"तुला काय येतं?"

"ऐकू. फुकट जातंय ते एवढी वर्षं."

भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, तुला त्यातलं कळत नाही. ती म्हणाली, कळायला तुम्ही आहात, तुमच्याकडे तेवढंच शिल्लक आहे. हे पाणी पिता पिता ठसकले. मी त्यांच्या पाठीवर थोपटलं आणि तोंड दुसरीकडे केलं.

दोन दिवस भाऊजी विचारात होते. तिसऱ्या दिवशी खिडकीखाली पान्यांचा आवाज आला. त्यांनी तांब्याची नळी घेतली, तिचं एक टोक ठोकून चपटं केलं आणि भोक पाडून इंजिनाच्या अंगालाच बोल्टने कसलं. इंजिनातला आवाज थेट कानात यावा म्हणून दुसऱ्या टोकाला लांब रबरी नळी जोडून ती गाडीच्या आत आणली, आणि कानांवर घालायच्या जाड कवचांत बसवली. ही कवचं कारखान्याने त्यांना केव्हाच दिलेली होती. घातली की मशिन ऐकू येत नाही म्हणून त्यांनी ती कधी घातलीच नव्हती. अजून कोरी करकरीत होती. धाकटीच्या डोक्यावर ती चढवताना भाऊजींचा हात जरा थबकला, एवढं मी पाहिलं.

सकाळी रिकाम्या वळणरस्त्यावर आम्ही गेलो. मी मागे बसले होते, गुडघे हनुवटीला लावून, तोंडात नामस्मरण. भाऊजींनी पाय दाबला की धाकटी डोळे मिटून ऐकायची. खडे वाजले की हात वर. हात दिसला की भाऊजी पाय काढायचे, कडेला थांबून लॅपटॉपवर पेट्रोल पेटवणारी ठिणगी किंचित उशिरा करायचे, पुन्हा निघायचे. कवचांमुळे तिला त्यांचं बोलणं ऐकू जात नव्हतं आणि तिचं हळू बोलणं त्यांना. म्हणून दोघं ओरडत होती.

तिसऱ्या फेरीला भाऊजी म्हणाले, "आता नाही वाजणार."

तिने हात वर केला.

"नक्की का?"

तिने एका कानावरचं कवच उचललं. "विकायची होती ना? मग विका."

भाऊजींनी गाडी कडेला घेतली. मग टर्बोचा दाबच कमी केला, मेळाव्यासाठी वाढवण्याआधी होता त्याच्याही खाली. त्यानंतर उड्डाणपुलाच्या चढावर त्यांनी पाय पूर्ण दाबला. गाडी अशी निघाली की माझं नामस्मरण मध्येच तुटलं. भाऊजी रस्त्याकडे कमी आणि धाकटीच्या हाताकडे जास्त बघत होते. तो हात मांडीवर होता, आणि चढ संपेपर्यंत मांडीवरच राहिला.

दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. गाडी पूर्वीएवढी पळत नाही म्हणतात; मला तरी फरक कळत नाही. भाऊजींनी कानात यंत्र घातलं आहे आणि आता दारावरची घंटा त्यांना कधी कधी आमच्याआधी ऐकू येते. धाकटी मात्र चेकाळली आहे. बाजारात जाताना मागच्या डाव्या चाकातून घरघर येते म्हणाली. भाऊजी म्हणाले, "रस्ता खराब आहे." ती म्हणाली, "रस्ता दोन्ही बाजूंना खराब आहे, घरघर एकाच बाजूला." ते घरी आले, चहासुद्धा न घेता जॅक काढला आणि मागचं डावं चाक उतरवायला बसले.