मी फक्त मान हलवली

आता हे तुम्हाला सांगू की नको, असं करता करता दिवाळीच्या सुट्या संपल्या. पण तुम्ही काही आमच्या गल्लीतले नाही, म्हणून सांगते.

जास्त बोलणारी माणसं घोटाळे करतात, असं सगळे म्हणतात ना? खोटं आहे. मी एकही शब्द न बोलता देवळीपासून आर्वीपर्यंत गोंधळ उडवून दिला!

झालं असं. दिवाळीला अमरावतीची मावशी आली. सोबत तिची पाच वर्षांची चिऊ. चिऊला वाघ पाहायचा होता. आमच्या जिल्ह्यात वाघ नाहीत असं नाही. बोरच्या जंगलात आहेत. पण आम्ही तिला घेऊन तिथे दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा गाईडने चिखलातला पंजाचा ठसा दाखवला. ठसा मोठा होता, त्यात वाद नाही. पण चिऊने विचारलं, "यातला वाघ कुठे आहे?"

शेवटी बाबा म्हणाले, "नागपूरच्या झूत जाऊ. तिथला वाघ पळून पळून कुठं जाईन?"

बेत आखायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मला याद्या करायला आवडतात. मी वहीत पहिलीच ओळ लिहिली, 'वार', आणि तिथेच अडकले. आमचं दुकान सोमवारी बंद असतं. झूसुद्धा सोमवारीच बंद! म्हणजे दुकान चालू असताना जावं लागणार. चिऊ तेव्हा बाबांच्या मांडीवर बसली होती, म्हणून बाबा फार विचार न करता बोलून गेले, "ठीक हाय, गुरुवारी शटर पाडतो."

ही साधी गोष्ट नाही बरं का. बाबांचं ताडपत्री, दोर आणि बारदान्याचं, म्हणजे रिकाम्या पोत्यांचं दुकान आहे. सोयाबीन निघायच्या दिवसांत बाबा जेवायलासुद्धा घरी येत नाहीत. आणि देवळीतला दुकानदार भर हंगामात शटर पाडतो ते दोनच कारणांसाठी. एक लग्न, दुसरं मयत. हे मला माहीत होतं. पण माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक आहे.

बाबांनी एकच अट घातली. "कोणाले सांगाचं नाई."

त्यालाही कारण होतं. आमच्याकडे आपण कुठे निघालो हे कोणाला सांगितलं, की त्याला "चला ना तुम्हीबी" म्हणावंच लागतं. नाही म्हटलं तर वाईट दिसतं. आणि ऐकणाऱ्याला "हो" म्हणावं लागतं, नाहीतर तेही वाईट दिसतं! मागच्या वर्षी केळझरच्या गणपतीला जाताना बाबांनी पानठेल्यावर सहज सांगितलं. गाडीत तेरा जण बसले. चौदावे बाबा होते. ते मागून बसने आले.

या वेळची गाडी ड्रायव्हर सोडून सात सीटची. बाबा, आई, ताई, मी, मावशी, चिऊ. सातवी सीट डब्यांची.

बुधवारी सकाळी मी पुठ्ठ्यावर छान अक्षरात लिहिलं, 'गुरुवारी दुकान बंद राहील', आणि शटरला लावायला गेले. पुठ्ठा अजून सरळही झाला नव्हता, तोच मागून आवाज आला.

"काऊन वं मनू? दुकान काऊन बंद?"

समोरच्या सुलभाकाकू. काकू मनाने फार चांगल्या आहेत. फक्त त्यांना उत्तर मिळेपर्यंत त्या हलत नाहीत.

मी पुठ्ठा सरळ करत राहिले.

"कोणाले सांगू नको म्हणलं का बाबानं?"

मी मान हलवली. हे तर खरंच होतं.

"नागपूरले जाऊन राह्यले का?"

मान.

"ताईबी येते? मावशीबी?"

मान, मान.

काकूंचे डोळे बारीक झाले. त्या माझ्या अगदी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "पोरगा दाखवाले नेऊन राह्यले ना ताईले?"

आता तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? 'नाही' म्हणायचं, एवढंच ना? पण मी हिशोब केला. नाही म्हटलं तर काकू विचारणार, मग कशाला? मग झू सांगावं लागणार. मग 'चला ना तुम्हीबी'. मग काकू, काका, त्यांची सून, सुनेची दोन मुलं. आणि बाबा पुन्हा बसने.

मी मान हलवली. अर्धीच हलवली, पण काकूंना तेवढी पुरली.

"मी कोणाले सांगत नाई व माय," काकू म्हणाल्या आणि जवळजवळ पळतच गेल्या.

इथे तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली. ताईचं खरंच एका ठिकाणी चाललं होतं. मुलगा आर्वीचा, शाळेत शिक्षक. फोटो आला होता, पत्रिका जुळली होती. पण आर्वीची मंडळी तीन महिन्यांपासून "येतो, येतो" म्हणत होती आणि येत नव्हती. ताई म्हणायची, मला काही फरक पडत नाही. पण तिच्या बँकेच्या परीक्षेच्या पुस्तकात तो फोटो होता, आणि पुस्तक पुढे सरकलं तरी फोटो रोज नव्या पानावर असायचा. मी पाहिलं होतं. मी बोलत नाही, पण पाहते.

दुपारपर्यंत गल्ली बदलली. दूधवाले काका ताईला "नमस्कार जी" म्हणाले. दुकानात एका गिऱ्हाइकाने ताडपत्री घडी करता करता बाबांचा हात हातात घेतला.

"भाऊ, चांगलं होईन सगळं. काळजी करू नका."

बाबांना वाटलं, तो पावसाबद्दल बोलतोय. ते म्हणाले, "आता काय, वरच्याच्या हातात हाय."

"बरोबर. शेवटी जोड्या वरच जमतात."

बाबा बराच वेळ ताडपत्रीकडे पाहत राहिले.

मला गंमत वाटत होती, खोटं कशाला सांगू? एक दिवसाचा प्रश्न. शुक्रवारी काकू विचारतील, जमलं का? तेव्हा मान दुसऱ्या बाजूने हलवायची. संपलं!

चार वाजता काकूंनी मला फाटकापाशी गाठलं.

"मनू, म्या एक चांगलं काम केलं. माह्या नणंदेले फोन लावला. आर्वीले."

"आर्वीले?" मी म्हणाले. त्या दिवशी काकूंशी बोललेला हा पहिला शब्द.

"होवो! तिचं घर त्याच लोकायच्या बाजूले हाय. म्हटलं, सांग त्यायले. आमची पोरगी का रस्त्यावर पडून हाय? उद्या नागपूरचा पोरगा पाहून राह्यले म्हणा. इंजिनिअर हाय म्हणा!"

इंजिनिअर! मी तर एक अर्धी मान हलवली होती. तिच्यात इंजिनिअर कुठे होता?

आर्वीचे लोक आता काय म्हणतील? आमच्याकडे बोलणी चालू ठेवून दुसरीकडे मुलगा पाहतात, अशी ही माणसं? फोन येणार आणि सगळं मोडणार. ताईला कळणारही नाही की का मोडलं. फक्त पुस्तकातला फोटो एका पानावर थांबेल.

आईला सांगायलाच हवं होतं. पण तोंडाने सांगणं मला जमत नाही, म्हणून मी चिठ्ठी लिहिली. तीनदा लिहिली. तिसऱ्यांदा अक्षर मनासारखं आलं. आई स्वयंपाकघरात तिखट पुऱ्या तळत होती. मी चिठ्ठी ओट्यावर ठेवली आणि बाजूला उभी राहिले.

आईने कागदाकडे पाहिलं. "शहाणी माही बाई ते! कागदच पाहिजे होता." आणि पहिला घाणा त्यावर निथळायला टाकला.

'माफ कर' एवढं बराच वेळ वाचता येत होतं. मग तेही तेलकट झालं.

गुरुवारी आम्ही निघालो तेव्हा गल्लीतल्या चार घरांच्या बायका दारात उभ्या होत्या. काकूंनी दही-साखर आणली आणि ती फक्त ताईच्या हातावर ठेवली. आई म्हणाली, "किती करतात काकू!" मी गाडीत सगळ्यात मागे, डब्यांच्या आड बसले.

झूमध्ये वाघ होता. झोपलेला होता आणि पाठ आमच्याकडे होती, पण होता. चिऊ जाळीसमोरून हलेना. आम्ही थोड्या अंतरावर कडुनिंबाखाली सतरंजी टाकली, डबे उघडले, आणि बाबांचा फोन वाजला. बाबा दुकानातल्या सवयीने फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं.

"मी आर्वीहून बोलतो जी. कुठं हाय तुम्ही?"

"नागपूरले हाय जी," बाबा म्हणाले.

"समजलं आमाले. शब्द देऊन टाकला का?"

"शब्द? कोणाले?"

"नाई ना दिला? मंग देऊ नका. आमी निघालो हाय, पोहोचतोच. जागा सांगा."

"आमी झूत हाय जी. वाघाच्या पिंजऱ्यासमोर."

पलीकडून आवाज आला, "बरं. आजकाल कुठंबी कार्यक्रम करतात लोक," आणि फोन बंद.

"हे काय होतं?" आईने विचारलं.

"मले का मालूम," बाबा म्हणाले. "वाघ पाहाले येत असन."

मावशी आणि आई ताईच्या केसांकडे पाहायला लागल्या. ताई लाल झाली होती. मी पुरीचा एकच घास किती वेळ चावता येतो ते पाहत होते.

अर्ध्या तासाने ते आले. मुलाचे वडील पुढे, आई मागे, आणि तिच्या मागे मुलगा, इस्त्रीचा शर्ट घातलेला. वडिलांनी आधी सतरंजीवरच्या सगळ्यांना मोजलं, मग इकडे तिकडे पाहिलं.

"पाहुणे गेले का?"

"कोणते पाहुणे?"

"पोराकडले. कुठं हाय तो पोरगा?"

चिऊला वाटलं, तिलाच विचारलं. तिने जाळीकडे बोट केलं. "तिथे आहे. पण उठतच नाही!"

तिघांनीही वळून वाघाकडे पाहिलं.

"भाऊ, तुमाले काय सांगतलं कोणी?" बाबा उभे राहिले. मुलाच्या आईने सगळं सांगितलं. सुलभाबाईंची नणंद, नागपूरचा इंजिनिअर, गुपचूप ठरलेली पाहणी. "आणि हे कोणी हवेतून नाई सांगतलं. तुमच्या लहानीनंच सांगतलं म्हणे."

बाबा हसायलाच लागले. "मनूनं? ते पोरगी बोलतच नाई जी! त्या सुलभाबाई खोटं बोलून राह्यल्या. थांबा, आत्ताच फोन लावतो त्यायले, तुमच्यासमोर."

बाबांनी फोन काढला. काकू खोट्या पडणार होत्या. आर्वीच्या मंडळींना वाटणार होतं, आम्हीच वावडी उठवून त्यांना मुद्दाम इथवर पळवलं. आणि ताई सतरंजीच्या कडेचा दोरा उसवत होती, खाली मान घालून.

मी उभी राहिले.

"काकू खोटं नाही बोलल्या. त्यांनी विचारलं, पोरगा पाहायला चालले का. मी काही बोलले नाही. मी फक्त मान हलवली. कारण झू सांगितलं असतं तर त्या सगळ्या आल्या असत्या आणि बाबांना बसने यावं लागलं असतं."

एवढं मी एका दमात आयुष्यात कधी बोलले नव्हते. बाबांच्या हातात फोन तसाच होता.

"म्हणजे आमी आर्वीहून इथवर," मुलाची आई सावकाश म्हणाली, "हिच्या मानेपायी आलो?"

सगळ्यात आधी मुलगा हसला. तोंडावर हात ठेवून हसला, पण खांदे दिसत होते. मग ताईला हसू आलं. मग मुलाच्या वडिलांनी चपला काढल्या, सतरंजीवर बसले आणि म्हणाले, "तीन महिने झाले, आमाले वेळ भेटत नव्हता. आता आलोच हाय तर पोरीले पाहून घेऊ. पुऱ्या हाय का?"

ताई आणि तो मुलगा हरणांच्या कुंपणाला एक फेरी मारून आले. परत आल्यावर मुलाची आई म्हणाली, "आमाले पोरगी पसंत हाय. आजच सांगून टाका."

ताईने ओढणी नीट केली आणि शांतपणे म्हणाली, "मी कळवते. विचार करायला तीन महिने तरी लागतील."

आईने कपाळाला हात लावला. मुलाचे वडील पुरी हातात धरून थांबले. मुलगा मात्र पुन्हा तोंडावर हात ठेवून हसत होता.

परतीच्या वाटेवर ताई माझ्या कानात म्हणाली, "तीन महिने नाही गं. सोमवारी सांगते." मग एक चिमटाही काढला, आणि तो दुखला.

बाबांनी मला शिक्षा काय दिली माहीत आहे? "घरी गेल्यावर काकूले खरं तूच सांगजो. तोंडानं."

काकू दारातच उभ्या होत्या. मी गाडीतून उतरले ती सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काकू, आम्ही मुलगा पाहायला गेलोच नव्हतो. आम्ही झूमध्ये गेलो होतो, चिऊला वाघ दाखवायला. इंजिनिअर वगैरे कोणी नाही. माझी चूक झाली."

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"नसन सांगाचं तर नको सांगू व माय. पण तू येवढं बोलून राह्यली म्हणजे पक्कं खोटं हाय!"