भोंग्याच्या चकतीवरचं शून्य

सातवीतून शाळा सुटली आणि मी कोकणातून थेट वाशीमच्या एका कापसाच्या जिनिंगात पोचलो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तिथला सगळा दिवस भोंग्यावर चाले आणि भोंगा चाले एका घड्याळावर. घड्याळाची पितळी चकती दिवसातून एक फेरा घेई. तिच्या काठाला पाव-पाव तासाची भोकं, प्रत्येकापाशी आकडा. ज्या भोकात खिट्टी खोचली, त्या वेळेला भोंगा.

नेम असा, की लावणाऱ्यानं स्वतःच्या खिट्ट्या तपासायच्या नाहीत. दुसऱ्यानं शेजारी उभं राहून वेळ आणि आकडा मोठ्यानं म्हणायचा.

माझी पहिलीच खिट्टी चुकली, तेव्हा तपासायला वायरमन होता. त्यानं जेवायला बसलेल्या बायांना हाक मारली.

"या वं बायाहो, कोकणातला इंजिनेर पाहा! काहून रे, डोये गावालेच ठेवून आला का?"

मग स्टुलावर उभं करून एकेक खिट्टी काढायला लावली, परत खोचायला लावली. बरोबर होत्या त्यासुद्धा. नोकरी जाईल म्हणून मी गुमान केलं. बाया हसल्या. अनसिंगहून येणारी एक मावशी तेवढी हसली नाही. माझे पहिले महिने तिनं दिलेल्या अर्ध्या भाकरीवर निघाले.

पुढं नवी चकती आली. वायरमननं स्वतः लावली, तपासायला मी. जुन्या चकतीवर मध्यरात्रीच्या भोकाला आकडा एक होता, नवीवर शून्य. यानं जुनेच आकडे धरले होते. बाराच्या भोंग्याची खिट्टी अठ्ठेचाळीसऐवजी एकोणपन्नासावर, म्हणजे आता सव्वाबाराला. सगळेच भोंगे पाव तास उशिरा.

नुसतं 'बरोबर' म्हटलं असतं तर उद्या मालकानं त्याला सोलला असता. मोह झाला. पण संध्याकाळचा भोंगा लांबला की मावशीची एसटी गेलीच. शिवाय मला ते उद्या नको होतं, आत्ता, डोळ्यांदेखत हवं होतं.

"मावश्यांनो, इकडे या!" मी ओरडलो. "बाराचा भोंगा, आकडा एकोणपन्नास. चूक! काढा."

"हयू बोल ना बे," तो स्टुलावरून पुटपुटला.

"मोठ्यानंच म्हणायचा नेम आहे."

"काहून जी वायरमन," एक बाई म्हणाली, "आज तुमचे डोये घरी राह्यले का?"

हशा पिकला. त्याची मान लाल झाली. मी पुढची वाचली, त्याच्या पुढची.

"बापू, लय झालं," मावशी म्हणाली. "उतरू दे त्याले."

"एकच राहिली, मावशी."

संध्याकाळची. ती त्यानं मी बोलायच्या आत नीट खोचली होती. मी आकडा वाचला. बरोबर होता.

"काढा," म्हटलं. "परत लावा."