तळेघरला गेलो आणि टोळीत भरती झालो

भीमाशंकरला जाऊन चार दिवस निवांत लोळायचं, एवढाच माझा बेत होता. दोन हजार सहा-सात सालचा मे महिना. तो बेत मी फोनवर तात्यांना सांगितला, तिथं फसलो. तात्या म्हणजे माझे चुलते. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तरुणपणीच मंचरजवळचं आमचं गाव अवसरी बुद्रुक सोडून कल्याण गाठलं. तात्या जमिनीपाशी राहिले.

"वाटंतच तळेघर लागतंय," तात्या म्हणाले. "आपली टोळी लग्नाला गेली ती माघारी आलीच न्हाई. शुक्रवारपोतर तोडा झाला न्हाई तर सगळा टोमॅटो जाग्यावर सडंल. हिरामावशीला घिऊनच ये."

हिरामावशी टोळीची मुकादम. होळी झाली की डोंगरातली दहा-बारा माणसं घेऊन ती खाली बागायतीत कामाला उतरते आणि पावसाच्या तोंडावर भातासाठी परत वर जाते.

मंगळवारी कल्याणहून पहाटेची एसटी धरली. माळशेज घाट, आळेफाटा, नारायणगाव. तिथं टोमॅटोच्या पिकअपनी रस्ता इतका अडवला होता की उतरून मिसळ खाऊन परत जागेवर बसलो, तरी गाडी तिथंच. पुढं मंचर, घोडेगाव. तळेघरच्या एसट्या मोजक्याच; चुकली तर जीप, वीस रुपये. पण पंधरा माणसं भरल्याशिवाय जीप हलत नाही. चौदावा मी होतो. पाऊण तासानं ड्रायव्हरनं शेवटी स्वतःच्या मेव्हण्याला घरातून उठवून आणलं.

मावशीच्या अंगणात पोचलो तर नारायणगावचे एक बागायतदार स्वतःची जीप घेऊन आधीच हजर! टोळी त्यांनाही हवी होती.

"पत्र्याची खोली देतो, मावशी. लाइट देतो. कलर टीव्ही देतो," ते म्हणत होते.

"केबल?" मावशीनं विचारलं.

"देतो की!"

मग मावशी माझ्याकडं वळली. "तुमी काय देता, पावणं?"

तात्यांनी मला काय द्यायचं ते सांगितलंच नव्हतं. मी गडबडून म्हणालो, "आमच्याकडं... हवा चांगली आहे."

सगळी टोळी पोट धरून हसली. सह्याद्रीच्या माथ्यावर राहणाऱ्यांना मी अवसरीची हवा विकत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हसू आवरून मावशी म्हणाली, "तात्या आमच्यावर वरडत न्हाई. यायचं लई मनात हाय. पन लगीन झालं त्यो टोळीतला नवरदेव चालला मुंबईला कामाला. एक मानूस कमी पडतंय, बाकीच्यांचं कंबरडं मोडंल. त्याच्या जागी तुमी येता का?"

मला वाटलं, चेष्टा चाललीय. मीही झोकात म्हणालो, "येतो की!"

"उठा रं, आवरा!" मावशीनं हाळी दिली.

"राव, तुमी तर सोतालाच दिऊन टाकलं," बागायतदार म्हणाले आणि जीपला चावी लावली. भीमाशंकर राहिलंच.

दुसऱ्या दिवशी मी आजोबांच्या रानात, डोक्याला टॉवेल, हातात बादली. तात्यांना बघवेना. "आरं, घरी चल, पव्हं केल्यात."

"ओ तात्या, मानूस माजा हाय," मावशी सरीतून ओरडली. "दहाला सोडीन न्याहारीला."

तात्या मुकाट्यानं परतले. मी पहिल्याच बादलीत निम्मा कच्चा माल तोडला आणि शिव्या खाल्ल्या. बोटं हिरवी-काळी झाली. जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, हा रंग साबणानं जात नाही.

दुपारी बांधावर नाचणीची भाकरी आणि ठेचा. मावशी म्हणाली, "आमी डोंगरातनं खाली येतो, तुमी खालनं मुंबईकडं जाता. पोटामागं समदेच. आमी पावसाळ्यात माघारी जातो, येवडंच."

जत्रेला येऊन मटण खाऊन जाणारा मी, आजवर या जमिनीला हातही लावला नव्हता. खरं सांगतो, लाज वाटली.

गुरुवारी संध्याकाळी शेवटचं कॅरेट टेम्पोत चढलं. तात्यांचा माल वाचला. निघताना मावशीनं विचारलं, "फुडल्या साली तुमचं नाव धरू का?"

कल्याणला आल्यावर बायकोनं माझी बोटं बघून मला कणिक मळायला मनाई केली. हे काम मी आजवर कधीच केलं नव्हतं, ते सोडा. अण्णांनी मात्र सगळं खोदून खोदून विचारलं. कोणतं रान, किती सऱ्या, विहिरीला पाणी किती. हवेच्या गोष्टीवर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"त्या मावशीला विचार," शेवटी म्हणाले, "बसून टोमॅटो निवडायला एखादा म्हातारा चालतो का?"