तांब्याची चौकट आणि चार बाटल्या पाणी

इंदूरहून निघालेली बस सकाळी छत्रपती संभाजीनगरला पोचली तेव्हा माझी पाठ आखडली होती. फिरायला आले असते तर वेरूळ पाहिले असते. मला मात्र वाळूजच्या एका वर्कशॉपमधून तळहाताएवढी तांब्याची चौकट न्यायची होती.

इंदूरच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रातून क्ष-किरणांचा प्रखर झोत निघतो. तो जागेवर आहे की सरकला, हे कळावे म्हणून त्याच्या वाटेत प्रयोगशाळेत बनवलेल्या हिऱ्याची नखाएवढी चकती बसवतात. झोत आरपार जातो आणि हिरा त्याची जागा सांगतो. चकती तापू नये म्हणून भोवती चौकट, चौकटीच्या पोटात खेळते पाणी. ती गळली तर पाणी थेट निर्वात नळीत, आणि सगळेच बंद. सोमवारी झोत वापरायची आमच्या गटाची पाळी होती. हुकली तर वर्षभर वाट पाहा.

शहर वाढत होते. जिथेतिथे नव्या इमारती, आणि दारात टँकर. रिक्षावाला म्हणाला, "पहले टँकरवाले का नंबर लेते मॅडम, बाद में फ्लॅट देखते." हसायचेही त्राण नव्हते.

चौकट घडवणारे सोपानराव पाचोडकडचे, मेंढरे राखणाऱ्या घरातले. आता मुकुंदवाडीत राहून लेथवर काम करतात.

"जोडाचा टाका पक्का हाय, ताई."

"तपासल्याशिवाय नेणार नाही," मी तुटकपणे म्हणाले. तपासणी सोपी, सायकलच्या ट्यूबसारखी. आत हवा भरायची, पाण्यात बुडवायची, बुडबुडे पाहायचे.

"पानी नाय. टँकर दोन दिस झालं आला नाय." मशीनचे पाणी तेलकट. कोपऱ्यावरच्या दुकानातले जार सकाळीच संपलेले. माझी बाटली बसमध्येच रिकामी झालेली. सोपानरावांनी तिघा कामगारांकडे पाहिले. मग चौघांनी प्यायला घरून आणलेल्या चार बाटल्या स्वच्छ घमेल्यात रिकाम्या झाल्या.

चौकट बुडाली. कोपऱ्यात एक बुडबुडा चिकटून बसला. सोपानरावांनी तो बोटाने पुसला. आम्ही बघत राहिलो. दुसरा आला नाही.

सुटले! मी चौकट पुसली आणि प्रयोगशाळेतल्या सवयीने घमेले उचलून दाराबाहेर ओतून दिले.

सगळे थांबले.

"घरच्या शेरडांला पाजायला न्यायचं व्हतं," सोपानराव हळूच म्हणाले. "ऱ्हाऊ द्या. गेलं ते गेलं."

मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. माफी मागितली, तीही कोरड्या घशाने. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. ठेचा लई तिखट होता. खोकला आला तरी कोणी पाणी दिले नाही, कारण कोणाकडेच नव्हते. चौघेही घास चावत राहिले, आणि मीही.

परतीच्या बसमध्ये चौकट मांडीवर घेऊन बसले. थकवा होता, पण झोप लागली नाही.

सोमवारी झोत सोडला. हिऱ्याने त्याची जागा अचूक सांगितली. चौकटीतून पाणी दिवसभर गोल गोल फिरत राहिले. संध्याकाळी मी सोपानरावांना फोन केला.

त्यांनी झोताचे विचारले नाही, हिऱ्याचेही नाही.

"गळतंय का, ताई?"

"नाही. एक थेंबही नाही."



"मग पानी वाया गेलं नाय म्हनायचं," ते म्हणाले.