स्वर्गाचं फाटक

नवं राज्य झालं आणि आम्हा कारकुनांची वरात नागपूरहून भोपाळला आली. कचेरीच्या पाटीवर नवं नाव लिहायला एक ख्रिस्ती पेंटर यायचा. जालन्याकडचा. एका कानावर बिडी, दुसऱ्या कानावर ब्रश. पाटी फाटकावरच होती, तरी चौकीदार त्याला रोज पास मागायचा. तो रोज खिशातून पास काढून दाखवायचा आणि चौकीदाराच्या स्टुलाला खेटून शिडी लावायचा.

रविवारी तो चर्चच्या भिंतीवर स्वर्ग रंगवायचा. एकदा मी बघायला गेलो. मोठा तलाव, काठावर आंब्याची झाडं, झाडांखाली खाटा आणि खाटांवर पाय पसरून बसलेली माणसं. देवदूत एकच, तोही पेंगत होता. वसईकडचे फादर मागे उभे राहून कुरकुरत होते.

"अरे, स्वर्गाला फाटक कुठंय?"

"नाही रंगवलं, फादर. फाटक आलं की चौकीदार आला. तो पास मागणार."

"मागू दे की. तुझा बाप्तिस्मा झालाय ना?"

"माझा झालाय. बायकोचा राहिला. त्याआधीच गेली ती."

आंब्याखालच्या खाटेवर एक बाई ऐसपैस बसली होती. तिच्याकडे बराच वेळ बघून फादर हळूच म्हणाले, "बरं, फाटक राहू दे. पण हिच्या हातातली बिडी तरी पूस."

तो ब्रश धूत राहिला.

"बिडी पुसली तर मी तिला ओळखणार कसा, फादर?"