बारा दिवस बेपत्ता

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येत आहे की, अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातून सूर्य बेपत्ता झालेला आहे. वर्ण तांबूस, बांधा गोल, स्वभाव तापट. घरातून निघताना अंगावर करड्या रंगाची गोधडी होती. कोणाला आढळल्यास आमच्या सासूबाईंना तातडीने कळवावे, कारण त्या जेवायच्या थांबल्या आहेत.

ही जाहिरात मी खरोखरच लिहिली होती, फ्रिजवर चिकटवलीही होती. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. मी लग्न होऊन तिथे गेले त्याचा तो दुसरा हिवाळा. नवऱ्याने ती वाचली, हसला नाही, काढून खिशात घातली. तो मूळचा हसरा माणूस. थंडीने काँक्रीटला भेगा कशा पडतात याचा विद्यापीठात अभ्यास करायचा आणि त्या वर्षी त्याला स्वतःलाच भेगा पडायला लागल्या होत्या.

झालं होतं असं. नवरा सात वर्षांचा असताना त्याला टायफॉईड झाला, चांगलाच. तेव्हा सासूबाईंनी नेम धरला की मुलगा वाचला तर जन्मभर सूर्याचं दर्शन घेतल्याशिवाय अन्न खाणार नाही. मुलगा वाचला. नेम सुरू झाला. आता नागपूरला हा नेम धरणं म्हणजे मुंबईला समुद्र बघितल्याशिवाय झोपणार नाही म्हणण्यासारखं आहे. तिथे सूर्य चुकवायचा म्हटला तरी चुकत नाही, मे महिन्यात तर तो घरात शिरून पंख्याखाली बसतो. पावसाळ्यात दोन-तीन दिवस ढग आले की त्या दूध-केळ्यावर काढायच्या, चौथ्या दिवशी ऊन पडायचं, की वरणभात. पंचवीस वर्षं बिनतक्रार चाललं.

आणि मग माझ्या बुद्धिमान नवऱ्याने त्यांना सहा महिन्यांसाठी बोलावलं. कधी? "दिवाळी झाली की ये." म्हणजे नोव्हेंबरात. विस्कॉन्सिनला.

पहिले तीन आठवडे बरे गेले. मग डिसेंबर लागला आणि आकाशावर झाकण बसलं. एक दिवस, दोन दिवस, पाच दिवस. रोज सकाळी सासूबाई आंघोळ करून, नऊवारीखाली नवऱ्याची लोकरी विजार चढवून, तांब्या घेऊन मागच्या ओसरीवर उभ्या. पूर्व दिशा कुठली ते कळायला सुद्धा मला होकायंत्र लागायचं. तासाभराने आत यायच्या, एक केळं सोलायच्या. सहाव्या दिवशी त्या न्हाणीघरात चक्कर येऊन टबाच्या कडेवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "याला सांगू नको." मी अर्थातच लगेच सांगितलं.

नवऱ्याने सगळे उपाय केले. टीव्हीवर हवामानवाल्याच्या नकाशात हसणारा पिवळा सूर्य असायचा. "हा बघ आई, सूर्य!" सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की सूर्य शरमला असेल. फ्लोरिडाच्या मित्राला फोन लावून दिला. तो बिचारा अंगणात जाऊन तिकडच्या उन्हाचं वर्णन करत होता. "दर्शन कानाने होत नसतं, बाळा," असं त्यालाही ऐकावं लागलं. एका रविवारी आम्ही स्वच्छ आकाशाच्या आशेने दोन तास दक्षिणेला गाडी हाकली. ढग आमच्याबरोबर आले.

"नेम सोड," नवरा म्हणाला.

"आणि तुला काही झालं तर?"

"आई, मी बत्तीस वर्षांचा घोडा झालोय! टायफॉईड केव्हाच गेला!"

"गेला ना? काहून गेला? मी नेम पाळला म्हणून गेला."

या युक्तिवादाला कुठल्याही विद्यापीठात उत्तर नाही. मी त्याच्याकडे दयेने पाहिलं. त्याने मला "तू गप्प बस" अशी खूण केली. मी अजून काही बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने परतीचं तिकीट बदलायला फोन केला. म्हणाला, आठवड्याभरात तिला पाठवतो, निदान विमान ढगांच्या वर गेलं की तिला खिडकीतून सूर्य तरी दिसेल.

"एका दर्शनासाठी नागपूर?" मी म्हटलं.

"अहो म्हण," तो खेकसला, "ऐकतेय ती." एरवी मी त्याला नावानेच हाक मारायची, सासूबाई उतरल्यापासून आमच्या घरात 'अहो' उतरले होते. मी म्हटलं, "अहो, एका दर्शनासाठी नागपूर?" तरीही त्याचं समाधान झालं नाही.

आता घरमालकीणबाईंचा प्रवेश. या प्रवेशाला खरं तर नगारा हवा. आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि खाली ती. साठीची, सहा फूट उंच, शाळेची बस चालवून निवृत्त झालेली आणि पेगन. हा शब्द मी तिच्याकडूनच पहिल्यांदा ऐकला. म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, "आम्ही चर्चला जात नाही, ऋतूला जातो." वर्षात त्यांचे आठ सण, सगळे सूर्याच्या आणि पिकांच्या हिशोबाने. पहिला बर्फ पडला की ती फ्रिजचं बटण बंद करायची आणि दूध, लोणी, सूप मागच्या ओसरीवर ठेवायची. कशाला विजेला त्रास, बाहेर फुकटची थंडी पडलीय. संध्याकाळी सहाला झोपायची. "अस्वलं झोपतात, झाडं झोपतात, तुझा नवराच तेवढा लॅबला जातो." तिच्या कोंबड्या थंडीत अंडी देत नसत. शेजारच्यांनी खुराड्यात दिवा लावायला सुचवलं तर ती भडकली: "त्यांना फसवू? दिवस मोठा झालाय म्हणून?"

मी तिला चक्रम समजत होते. ते मत मी अजूनही पूर्णपणे मागे घेतलेलं नाही.

तर नवव्या दिवशी सकाळी सासूबाई तांब्या घेऊन उभ्या आणि घरमालकीण खुराड्याकडून येत होती. तिने विचारलं, ही रोज कोणाची वाट बघते? मी सांगितलं. नेम, टायफॉईड, केळी, सगळं. मला वाटलं ती हसेल. आमच्या ओळखीतले दोन मराठी डॉक्टर हसले होते. हिने डोक्यावरची लोकरी टोपी काढली आणि तशीच बोडक्या डोक्याने त्या थंडीत उभी राहिली.

"पंचवीस वर्षं?" तिने विचारलं. "एकही दिवस न चुकता?"

मी भाषांतर केलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यात काय बाप्पा. तो एवढा रोज येतो, आपण नुसतं बघायचं."

हेही भाषांतर केलं. घरमालकिणीने त्यांचा हात धरला आणि आमंत्रण दिलं. तीन दिवसांनी वर्षातला सगळ्यात लहान दिवस. त्या पहाटे ती आणि तिची मंडळी तळ्यामागच्या टेकडीवर जाऊन ढोल, भांडी वाजवून सूर्याला बोलावतात. दरवर्षी. हिने यायलाच हवं.

सासूबाईंना इतकं खूश झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "अमेरिकेत कोणी तरी शहाणं निघालं," म्हणाल्या. नवऱ्याने कपाळाला हात लावला. "मायनस पंधरा आहे बाहेर! आणि ती नऊ दिवस उपाशी! या दोघी मिळून मला वेडं करणार." पण आईला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं. काँक्रीट बरं, ते ऐकून घेतं.

त्या सकाळी आमची वरात निघाली. पुढे घरमालकीण, हातात लाल रुमालात बांधलेली सूर्याच्या आकाराची भलीमोठी पावरोटी. मागे तिच्या दोन मैत्रिणी, मग एक दाढीवाला प्लंबर, त्याच्या पोटावर ढोल. मग सासूबाई, नऊवारी, विजार, नवऱ्याचा कोट, वर माझी शाल, हातात तांब्या, अशा चालत्या गादीसारख्या. त्यांना दंडाला धरून नवरा, त्याच्या काखेत घडीची खुर्ची. शेवटी मी, प्रेशर कुकरचं झाकण आणि डाव घेऊन, कारण मला भांडं आणायला सांगितलं होतं आणि घरात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच होता.

टेकडीवर पोचलो तेव्हा करडं उजाडत होतं. ढोल वाजले, भांडी वाजली. मी कुकरचं झाकण असं बडवलं की खाली कुठे तरी कुत्री भुंकायला लागली. खोटं कशाला बोलू, मला फार मजा येत होती. सासूबाई हात जोडून पूर्वेकडे तोंड करून पुटपुटत होत्या. आणि पूर्वेला, काय सांगू, ओल्या सिमेंटसारखं आकाश. नवऱ्याचाच विषय.

आठ वाजता घरमालकिणीने दोन्ही हात वर केले आणि आनंदाने ओरडली, "आला!" सगळ्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. प्लंबरने ढोल पाठीवर टाकला. खाली तिच्या घरी गरम सूप तयार होतं.

"कुठे आहे?" सासूबाईंनी मला विचारलं.

मी घरमालकिणीला विचारलं. ती म्हणाली, ढगांच्या मागे आहे, पण उगवलाय, आम्ही आला असं धरतो.

सासूबाईंनी सातवीच्या वर्गांना वीस वर्षं गणित शिकवलं होतं. "धरायला तो काय क्ष आहे?" असं म्हणून त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. "तुम्ही जा सगळे. मी थांबते."

मी भाषांतर केलं. क्ष सकट. घरमालकिणीचा चेहरा मी विसरणार नाही. ऋतूंबरोबर जगणारी ही बाई, इतकी वर्षं दर हिवाळ्यात तिथे यायची आणि आठ वाजता सूप प्यायला घरी जायची. तिने पावरोटी खाली ठेवली आणि खुर्चीशेजारी बर्फातच फतकल मारली. मैत्रिणी बसल्या. प्लंबर खाली गेला, मला वाटलं पळाला, पण तो आपल्या ट्रकमधून लाकडं घेऊन आला आणि त्याने शेकोटी पेटवली.

नऊ वाजले. दहा. नवरा आईसमोर गुडघ्यावर बसला. "आई, चल. पाया पडतो. तुझे ओठ निळे पडलेत."

"तू बस ना शेकोटीपाशी. तुला सर्दी होते."

तो उठला नाही. त्याने स्वतःचा मफलर काढला आणि तिच्या नाकातोंडावरून गुंडाळला. आणि पुन्हा तिथेच बसला. त्याला असं हार मानलेलं मी तेव्हाच पाहिलं. तिकीट बदलून झालं होतं, चार दिवसांनी विमान होतं, आणि ती चार दिवस तरी तग धरेल का, हा प्रश्न आता त्याच्या तोंडावर सरळ लिहिलेला होता. त्या क्षणी मला सुद्धा काही विनोदी सुचलं नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

साडेदहाच्या सुमाराला मैत्रिणींपैकी एक किंचाळली. ढगाला भोक पडलं होतं आणि त्यातून तो, गोल, स्वच्छ! आम्ही सगळे नाचलो. प्लंबरने माझं चुंबन घेतलं, चुकून असावं. नवरा ओरडला, "आई! आई, बघ!" आणि भोक बुजलं.

"काय झालं?" सासूबाई म्हणाल्या.

मफलरमधून वर जाणारा श्वास त्यांच्या चष्म्यावर गोठला होता. दोन्ही काचा पांढऱ्या, दुधी बल्बसारख्या.

"मला नुसता उजेड दिसला."

"उजेड म्हणजे सूर्यच ना, आई!" नवरा रडकुंडीला आला.

"उजेड तर रोज दिसतोय. उजेडावर जेवायचं असतं तर बारा दिवस केळी काहून खाल्ली असती?"

मी घाईघाईने पदराने काचा पुसल्या, पदरच कडक झालेला होता. चष्म्याशिवाय त्यांना समोरची माणसं सुद्धा धूसर दिसायची. तेव्हा घरमालकिणीने चष्मा माझ्या हातातून काढून घेतला आणि कोटाची बटणं उघडून सरळ स्वतःच्या काखेत घातला. सासूबाईंनी ते पाहिलं नाही ही सूर्यनारायणाचीच कृपा. मग तिनेच त्यांचा मफलर नाकाखाली ओढला. गरम झालेला चष्मा डोळ्यांवर चढवला. आणि पुन्हा सगळे वर बघत बसलो. आता कोणी ढोल वाजवत नव्हतं. कोणी न सांगता सगळ्यांचं काम एकच झालं होतं.

किती वेळ गेला माहीत नाही. मग ढग हलकेच विरले आणि तो आला. तेज वगैरे काही नाही, तापातून उठलेल्या माणसासारखा, पांढराफटक, अशक्त. पण पूर्ण. आणि थांबला.

सासूबाई उठून उभ्या राहिल्या. अर्घ्य द्यायला तांब्या तिरपा केला, पाणी आलं नाही. उलटा करून बुडावर दोन थापा मारल्या तेव्हा तांब्याच्या आकाराचा बर्फाचा गोळा धप्पकन् खाली पडला. त्यांनी त्यालाच नमस्कार केला. मग मुलाच्या तोंडावरून हात फिरवला, दोन्ही गालांवरून, तो सात वर्षांचा असल्यासारखा, आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "द्या आता काय आहे ते."

घरमालकिणीने शेकोटीवर गरम केलेली पावरोटी फोडली. अंडं नाही ना, मी दोनदा विचारून घेतलं होतं. मोठा तुकडा तिने सासूबाईंच्या ओंजळीत ठेवला. बारा दिवसांनंतरचा पहिला घास. आम्ही गोल करून उभे. नवरा उघड उघड रडत होता. मैत्रिणी रडत होत्या. प्लंबरच्या दाढीत अश्रू गोठले होते. घरमालकीण गुडघ्यावर बसून, हात छातीशी धरून त्यांच्या तोंडाकडे बघत होती आणि मला डोळ्यांनी खुणावत होती की ही जे काही बोलेल ते शब्दन् शब्द मला सांग. सासूबाईंनी घास चावला, एकदा, दोनदा. थांबल्या. माझ्याकडे वळल्या आणि अख्ख्या टेकडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं, हिला विचार, कणकेत मीठ घालायचं असतं, हे हिच्या आईनं शिकवलं नाही का?"